थिबा राजाची समाधी नेमकी कुठे? (रत्नागिरी)

भरतीओहोटी: दिवाळीत आईला घेऊन रत्नागिरीला येतोय. मागच्या खेपेला थिबा पॅलेस झाला. समाधीचं विचारलं तर रिक्षावाल्याने थेट भाट्याच्या पुलावर नेऊन सोडलं! आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. आणि राजा ब्रह्मदेशचा, मग पुरला इथे कसा?

रापणकर: शिवाजीनगर सांगा. ख्रिश्चन स्मशानभूमीला लागूनच आहे. पंधरा मिनिटांत बघून होतं.

आंबोळी: माझं आजोळ शिवाजीनगरातलं. आमचा चेंडू तिथे गेला की आणायला कोणी जायचं यावरून भांडणं व्हायची. आत दोन समाध्या. मोठी राजाची, लहान 'त्याच्या बायकोची', एवढंच ठाऊक. ती कुठली बायको, हे कॉलेजात गेल्यावर कळलं.

ती धाकटी राणी सुपयागले, १९१२ मध्ये वारली. थिबा गेला डिसेंबर १९१६ मध्ये. नवा राजवाडा बांधून त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. त्याआधी १८८६ पासून, म्हणजे इंग्रजांनी राज्य घेऊन त्याला इथे नजरकैदेत आणून ठेवल्यापासून, भाड्याच्या बंगल्यांत. थोरली राणी सुपयालत हटून बसली, देह ब्रह्मदेशातच नेणार. इंग्रज कसले परवानगी देतायत! मंडालेत राजाची समाधी झाली तर लोक तिथे गोळा होतील, ही धास्ती. दोन वर्षं शवपेटी तशीच. शेवटी मार्च १९१९ मध्ये दोघांना इथे ठेवलं आणि त्याच वर्षी सुपयालत मायदेशी गेली. ती १९२५ मध्ये वारली, तिची समाधी रंगूनला, श्वेडगॉन पॅगोड्याजवळ. म्हणजे नवऱ्याशेजारी कायमची धाकटी बहीणच राहिली. (हो, दोघी सख्ख्या बहिणी.) माझी आजी एवढ्यावरच उसासा टाकायची, राज्य गेल्याचं तिला काही नव्हतं.

पावसाळ्यात दगड शेवाळाने हिरवागार होतो. दिवाळीपर्यंत ते वाळून काळं पडतं, नखाने खपलीसारखं निघतं. तेव्हा बघायला बरं.

रापणकर: २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन आले होते, तेव्हा आमच्या आळीतल्या निम्म्या लोकांना समजलं की इथे राजा आहे.

भरतीओहोटी: जाऊन आलो. आई बराच वेळ लहान समाधीपाशीच उभी होती. सोबत आणलेली अबोलीची वेणी तिने तिथेच ठेवली, राजाला काही नाही.

आंबोळी: आमच्या आजीच्या पंगतीतल्या दिसतात तुमच्या आई.