मदत हवी आहे: बाबांना लेक सेंट क्लेअरवर बास पकडायला न्यायचंय, गाईडला काय सांगू?

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये ट्रॉयला राहते. बाबा जूनच्या शेवटी येताहेत आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत इथेच आहेत. त्यांना लेक सेंट क्लेअरवर गाईड घेऊन स्मॉलमाऊथ बास (इथला गोड्या पाण्यातला मासा) पकडायला न्यायचं आहे. यातलं कोणाला माहीत असेल तर कृपया सविस्तर लिहा. प्रश्न खाली आहेत, पण आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण त्याशिवाय मला काय हवंय ते कळणार नाही.

बाबा महाडजवळचे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, आता ७२ वर्षांचे आहेत. आयुष्यभर सावित्रीवर गळ टाकला. रॉड, रील असलं काही नाही. तंगूस (नायलॉनची दोरी), शिसं, गळ, गांडूळ आणि हाताचं बोट. तंगूस तर्जनीवरून सोडायचा आणि डोळे मिटून बसायचं. "मासा डोळ्याला दिसत नाही, बोटाला दिसतो," असं म्हणायचे. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी माझ्या बोटावर तंगूस ठेवला आणि खेकडा कुरतडतोय की मासा चाखतोय यातला फरक शिकवला. तो अजून माझ्या बोटात आहे.

दोन वर्षांपूर्वी ते आले होते तेव्हा मी मोठ्या हौसेने एक गाईड ठरवला होता. माणूस वाईट नव्हता, बोट उत्तम होती, मासेही भरपूर मिळाले. पण तो काय करायचा, तर स्वतः गळ टाकायचा, मासा लागला की झटका द्यायचा आणि मग रॉड बाबांच्या हातात द्यायचा: घ्या, आता फक्त ओढा. पहिले दोन मासे बाबांनी ओढले. तिसऱ्या वेळी त्यांनी रॉड शांतपणे त्याला परत दिला आणि उरलेले तीन तास पाणी बघत बसले. गाईडला वाटलं म्हातारबाबा दमले. परत येताना गाडीत मला एवढंच म्हणाले, "तो मासा त्याचा होता गं." मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं. या वेळी हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

आता प्रश्न:

एक, जुलै चांगला की ऑगस्ट? लोक म्हणतात मे-जून सर्वात चांगला, पण ते तर हातचं गेलं.

दोन, बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक दोरी नीट दिसत नाही. रॉडचं टोक बघून मासा लागल्याचं ओळखायचा प्रकार त्यांना जमणार नाही. हाताला कळेल अशी कुठली पद्धत आहे का?

तीन, बोटीवर शौचालय आणि सावली असते का? मागच्या बोटीवर दोन्ही नव्हतं आणि बाबा सकाळपासून पाणीच प्यायले नाहीत, हे मला घरी आल्यावर कळलं.

चार, परवाना, आणि कॅनडाची सीमा. बाबा टुरिस्ट व्हिसावर आहेत.

पाच, एक तरी मासा घरी आणून खाता येईल का? मागच्या वेळी सगळे सोडले. बाबांनी विचारलं, "सोडायचेच होते तर धरले कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

---

प्रतिसाद (सेंट क्लेअर शोअर्सहून)

ताई, मी या तळ्यावर बारा वर्षं मासे पकडतोय, पाचेक वर्षं स्वतःच्या छोट्या बोटीतून. तुमचा तिसऱ्या माशाचा किस्सा वाचून पोटात कालवलं. जमेल तेवढं लिहितो.

आधी तळं समजून घ्या. जवळजवळ १,१०० चौरस किलोमीटरचा पसारा आहे, पण सरासरी खोली ११ फुटांच्या आसपास. म्हणजे समुद्रासारखं दिसणारं परातीएवढं उथळ पाणी. त्यामुळे दोन गोष्टी होतात. ऊन तळापर्यंत पोचतं आणि शेवाळ-गवताची कुरणं वाढतात. आणि वारा सुटला की अर्ध्या तासात लाटा उभ्या राहतात, त्याही आखूड आणि आदळणाऱ्या. ७२ वर्षांच्या माणसाच्या कमरेला त्या सोसत नाहीत. गाईडने वाऱ्यामुळे दिवस रद्द केला तर वाईट वाटून घेऊ नका, तो चांगला गाईड आहे असं समजा. बाबा दीड महिना आहेत ना, दोन-तीन पर्यायी तारखा आधीच ठरवून ठेवा.

मे-जूनमध्ये मासा किनाऱ्याजवळ अंड्यांवर असतो. नर घरटं राखत बसतो, काहीही जवळ आलं की चावतो. तेव्हा मिळतात खूप, पण माझं मन त्यात रमत नाही. जुलैत ते मोकळे होऊन खोल सरकतात, १२ ते १८ फुटांवर, गवताच्या कडेला किंवा जिथे गवत संपून वाळू-खडे लागतात तिथे. शोधावे लागतात. तुमच्या बाबांच्या स्वभावाला जुलैच योग्य.

पद्धत विचारलीत. गाईडला "ड्रॉप शॉट" म्हणून सांगा. यात शिसं सगळ्यात खाली, आणि गळ त्याच्या वर हात-दीड हातावर. बोट वाऱ्याबरोबर हळूहळू वाहू द्यायची, शिसं तळावर टुकटुक करत येतं, आणि मासा लागला की आधी बोटाला कळतं. रॉडच्या टोकाकडे बघायची गरज नाही. वेणीची दोरी मागा, म्हणजे ब्रेड. ती ताणत नाही, त्यामुळे नुसता श्वास घेतला तरी हाताला जाणवतो. रील स्पिनिंगचं घ्या, आणि रीलच्या पुढे दोरी तर्जनीवर घेऊन बसायला सांगा. बाबांना पाच मिनिटांत जमेल. गांडूळही चालतं इथे, लाज बाळगू नका.

बहुतेक जण गळाला रबराचा छोटा मासा लावतात, गोबीसारखा दिसणारा. गोबी हा इथला पाहुणा, काळा समुद्र आणि कॅस्पियनकडचा, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आला आणि १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत सापडला. आपल्या खाडीतल्या खरबीचा लांबचा भाऊबंद. बाबा बघताक्षणी ओळखतील. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८८ मध्ये, याच तळ्यात झेब्रा शिंपले सापडले होते. शिंपल्यांनी पाणी गाळून नितळ केलं, गोबीने शिंपले खाल्ले आणि बासने गोबी खाऊन अंग धरलं. बाबांना मात्र आधीच सांगून ठेवा: जिवंत गोबी जवळ बाळगणंच मिशिगनमध्ये बेकायदा आहे. वापरायचा तर रबराचाच.

परवाना: १७ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला स्वतःचा लागतो, गाईड असला तरी. २४ तासांचाही मिळतो, तोच घ्या. ज्येष्ठांची सवलत फक्त राज्यातल्या रहिवाशांना आहे. सीमा तळ्याच्या मधूनच जाते आणि पलीकडे मासे पकडायला ओंटारिओचा वेगळा परवाना लागतो. टुरिस्ट व्हिसा आहे तर या भानगडीत पडूच नका, गाईडला स्पष्ट सांगा: अमेरिकेच्या बाजूलाच राहायचं. तिथे मासा काही कमी नाही.

आणि गाईडकडे कोस्ट गार्डचा कॅप्टनचा परवाना आहे का ते विचारा. पैसे घेऊन लोकांना पाण्यावर नेणाऱ्याला तो असावाच लागतो. चांगला माणूस रागावत नाही, उलट दाखवतो.

---

प्रतिसाद (विंडसरहून)

शौचालयाबद्दल लिहिते, कारण पुरुषमंडळी यावर बोलत नाहीत. चपट्या, झगमगीत बास बोटी असतात त्यांवर शौचालय नसतं, सावली नसते, कठडाही नसतो. तोल जाणाऱ्या माणसाला त्या नकोतच. खोल कठड्याची, वर छत असलेली मोठी बोट असणारा गाईड शोधा आणि फोनवर थेट विचारा, आत बंद शौचालय आहे का. काहींकडे असतं. नसेल तर चार तासांचीच सहल ठरवा, पहाटेची. दहाला परत. वडिलांना पाणी प्यायला लावायचं असेल तर त्यांना आधी सांगावं लागतं की सोय आहे. माझे सासरे असंच करायचे.

---

प्रतिसाद (अ‍ॅन आर्बरहून)

खाण्याबद्दल. कायद्याने स्मॉलमाऊथ ठेवता येतो. लेक सेंट क्लेअरवर जूनच्या तिसऱ्या शनिवारपासून ३१ डिसेंबरपर्यंत, किमान १४ इंच, माणशी दिवसाला ५. तुमच्या तारखा त्यात बसतात.

पण माझं मत, ठेवू नका. या तळ्याला पाऱ्याचा इतिहास आहे. १९७० मध्ये त्यामुळे इथली व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली होती. आता स्थिती खूप सुधारली असली तरी मोठा, म्हातारा, इतर मासे खाणारा मासा पारा साठवतोच. राज्याच्या आरोग्य खात्याची "ईट सेफ फिश" मार्गदर्शिका आहे, त्यात तळ्यानुसार आणि माशाच्या लांबीनुसार किती खावं ते दिलंय. ती बघून ठरवा. खायचाच असेल तर यलो पर्च धरा. वीतभर असतो, पिवळ्या अंगावर काळे पट्टे, मांस पांढरं आणि गोड. रवा लावून तळला की बाबा काही बोलणार नाहीत. गाईडला सांगितलं तर शेवटचा तासभर पर्चसाठी ठेवतो.

"सोडायचे तर धरायचे कशाला" याचं उत्तर बाबांच्या गावाजवळच आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे ना? तिथल्या डोहातले खडस मासे देवीचे मानतात. लोक त्यांना खायला घालतात, धरत कोणी नाही. म्हणून ते अजून आहेत. इथल्या मोठ्या बासचं तसंच आहे. थंड पाण्यातला मासा, सावकाश वाढतो; वीस इंचांचा झाला म्हणजे त्याने बरेच हिवाळे बर्फाखाली काढलेले असतात. मात्र सोडायचा तर नीट सोडायचा: हात ओले करून, खालच्या ओठाला धरून, पोटाला आधार देऊन, आणि उन्हाळ्यात फोटोसाठी ताटकळत न ठेवता.

---

धागालेखिका

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. वाळणकोंडीचं वाचून मी बाबांना फोनच केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लहानपणी आई न्यायची. हातातलं खाऊन जायचे. बरं, मोठे सोडू. छोटे खाऊ." माझा पाचवा प्रश्न सुटला.

गाईडला पाठवायचा मजकूर असा केलाय, काही राहिलंय का बघा:

"माझे वडील साठ वर्षं हातदोरीने मासे पकडत आले आहेत. त्यांना मासे मिळवून देऊ नका, मासे कुठे आहेत ते दाखवा. गळ ते स्वतः टाकतील, झटकाही तेच देतील. चुकला तर चुकू द्या. दिवसात एकच मासा मिळाला तरी आम्हाला चालेल. ब्रेड दोरी आणि ड्रॉप शॉट हवं. बंद शौचालय आणि सावली असलेली बोट हवी. अमेरिकेच्या हद्दीतच राहायचं आहे."

---

प्रतिसाद (सेंट क्लेअर शोअर्सहून)

एक शब्द बदलू नका. हा मजकूर वाचून जो गाईड खूश होईल तोच तुमचा.

पण "हातदोरी" वाचलं आणि आठवलं, हे मी आधीच सांगायला हवं होतं! तळ्याला येऊन मिळणारी सेंट क्लेअर नदी आणि निघणारी डेट्रॉईट नदी, या दोन्हींवर हातदोरीने वॉलआय नावाचा मासा पकडायची जुनी परंपरा आहे. हँडलायनिंगच म्हणतात. बोटीच्या कडेला स्प्रिंगचं रील असतं, त्यावर तार. टोकाला शिसं, वरच्या बाजूला दोन लांब दोऱ्या आणि त्यांना खोटे मासे. बोट प्रवाहाविरुद्ध अगदी हळू चालवायची, आणि तार हातात धरून शिसं तळाला टेकवत, उचलत राहायचं. रॉड नाहीच. सगळं बोटाला. मासा लागला की तार हातानेच ओढून घ्यायची, वरची सैल तार रील आपोआप गुंडाळतं. उन्हाळ्यात संध्याकाळी-रात्री करतात, आणि अल्गोनॅकच्या बाजूला हे शिकवणारे गाईड आहेत. वॉलआय खायला उत्तम, फक्त तीच मार्गदर्शिका बघून.

सकाळी बास, आणि आठवड्याने एका संध्याकाळी नदी. एकाच दिवशी दोन्ही नको, दमतील.

---

धागालेखिका

दादा, हे वाचून हसू आणि रडू एकदम आलं. मला वाटत होतं बाबांची पद्धत इथे कोणाला माहीतच नसेल.

सकाळचा गाईड ठरला. मजकूर वाचून त्यांनी लगेच फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमचे वडील कोणत्या बोटाने दोरी धरतात?" जुलैचा दुसरा आठवडा, आणि वाऱ्यासाठी दोन तारखा राखून ठेवल्यात.

नदीचंही बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलंय, शिसं किती वजनाचं असतं?

---

प्रतिसाद (सेंट क्लेअर शोअर्सहून)

एक ते दीड पौंड, प्रवाहाच्या जोराप्रमाणे. म्हणजे अर्ध्या किलोच्या जरा खालपासून पावणेसातशे ग्रॅमपर्यंत.

---

धागालेखिका

सांगितलं. म्हणाले, "सावित्रीच्या पुराला मी छटाकभर लावायचो. मोठी नदी असणार. हातमोजे नको म्हणावं, मला तार हाताला लागली पाहिजे."