मत्तय २५:४६ : शिक्षा कायमची की येणाऱ्या युगातली?

कोरांटी
बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, न्यायाच्या दिवशी मेंढरं आणि शेरडं वेगळी केली जातात. शेवटच्या ओळीत एका गटाला ‘सार्वकालिक शिक्षा’, दुसऱ्याला ‘सार्वकालिक जीवन’. मूळ ग्रीक शब्द दोन्हीकडे एकच, आयोनिओस. तो ‘आयोन’ म्हणजे युग, आयुष्यकाळ या नामावरून आलेला आहे. ‘कधीच न संपणारी’ हा अर्थ भाषांतरकारांनी त्यावर लादलाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर काढून बघा. माशाच्या पोटातला योना संदेष्टा म्हणतो, पृथ्वीचे अडसर माझ्यावर आयोनिओस लागले. तिसऱ्या दिवसानंतर तो बाहेर. हबक्कूक ३:६ मधल्या आयोनिओस टेकड्या त्याच वचनात वितळतात. यहूदाच्या पत्रात सदोम शहराला आयोनिओस अग्नीची शिक्षा होते, पण सदोम आज जळत नाही. रॉबर्ट यंगने आपल्या इंग्रजी भाषांतरात १८६२ सालीच ‘युगभर टिकणारी’ अशा अर्थाचा शब्द वापरला. डेव्हिड बेंटली हार्टच्या २०१७ च्या इंग्रजी भाषांतरात तर ‘त्या युगातली’ असंच आहे.

दीपमाळ
अजिबात पटलं नाही. टेकड्या वितळल्या या वाक्याने अंगावर काटा का येतो? त्या कायमच्या आहेत असं सगळे धरून चालले होते म्हणून. योनालाही आपण कायमचे अडकलो असंच वाटलं होतं. शब्दाचा अर्थ ‘तात्पुरतं’ असता तर दोन्ही ओळींत काही दमच उरला नसता.

आणि अर्थ व्युत्पत्तीवर नाही, वापरावर ठरतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (४:१८) पौल म्हणतो, दिसतं ते क्षणिक, न दिसतं ते आयोनिओस. ‘क्षणिक’च्या समोर ‘युगभराचं’ ठेवून बघा, वाक्य लंगडं पडतं. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनचा मुद्दा तर अजून कोणी खोडलेला नाही: एकाच वाक्यात तोच शब्द दोनदा आहे, मग शिक्षा संपणारी म्हणालात तर जीवनही संपणारं म्हणावं लागेल.

कोरांटी
तो मुद्दा रोमकरांस पत्राच्या शेवटी अडतो. १६:२५ मध्ये एक रहस्य ‘आयोनिओस काळ’ गुप्त होतं आणि ‘आता’ उघड झालं, म्हणजे तो काळ संपला. लगेच पुढच्या वचनात देवही आयोनिओस. शब्द एक, वाक्य एक, तरी लांबी वेगळी. लांबी ठरते ती विशेष्यावरून. जीवन संपत नाही कारण ते देवाचं आहे. त्याला या विशेषणाचा टेकू लागत नाही.

दुसरं, ग्रीकमध्ये ‘आयदिओस’ म्हणजे ‘नित्य, कधीच न संपणारं’ हा शब्द हाताशी होता. परुशी या यहूदी पंथाचे लोक दुष्टांच्या शिक्षेबद्दल काय मानत हे सांगताना पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस तोच वापरतो. मत्तय वापरत नाही.

दीपमाळ
आयदिओसचा आधार घेऊ नका. यहूदाच्या पत्रात (वचन ६) देवदूत आयदिओस बंधनांत आहेत, पण कधीपर्यंत? ‘मोठ्या दिवसाच्या न्यायापर्यंत’. तुम्ही ज्याला पक्का म्हणता त्या शब्दालाही तिथे मुदत आहे.

मत्तयाच्या वाचकांच्या कानात जुन्या करारातलं दानीएल १२:२ होतं: मेलेले उठतील, काही आयोनिओस जीवनासाठी, काही आयोनिओस अप्रतिष्ठेसाठी. जोडी तिथूनच आली. ती ऐकताना कोणी युगाची मुदत मोजत असेल, हे मला खरं वाटत नाही.

पायवाट
रोमकरांस पत्राचा दाखला मला वजनदार वाटतो. योनाचा नाही, तिथे दीपमाळ यांचं बरोबर आहे. पण हा नुसता शब्दकोशाचा वाद समजू नका. इंग्लंडमधले धर्मशास्त्रज्ञ एफ. डी. मॉरिस यांनी ‘इटर्नल’ म्हणजे ‘न संपणारं’ नव्हे असं मांडलं आणि १८५३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधली प्राध्यापकी गमावली. भाषांतरकार बिचकतात ते उगाच नाही.

१६११ च्या इंग्रजी बायबलात या वचनात एकाच ग्रीक शब्दाला दोन वेगळे शब्द दिले होते. १८८१ च्या सुधारित आवृत्तीत ते एक झाले. मराठीत दोन्हीकडे ‘सार्वकालिक’ आहे, हे उत्तम. प्रकटीकरण २०:१० मध्ये मात्र त्याच आयोनच्या अनेकवचनाला मराठीत ‘युगानुयुग’ म्हटलंय. म्हणजे नामात युग दिसतं, विशेषणात झाकलं जातं. निव्वळ मराठी वाचणाऱ्याला हे नातं कळायला मार्ग नाही, आणि मला खटकतं ते हेच.

कोरांटी
मग ‘सार्वकालिक’ राहू द्या, पण तळटीप हवीच: ‘किंवा, येणाऱ्या युगातील’. नरकाच्या भीतीने झोप उडालेल्या माणसाला एवढं कळण्याचा हक्क आहे.

दीपमाळ
तळटीपेला माझी हरकत नाही. पण त्याच तळटीपेत दानीएल १२:२ चा संदर्भ हवा, नाहीतर ती एकतर्फी होईल. मजकुरातला शब्द बदलायला मात्र माझा विरोध कायम आहे.