रविवारची बंदर-भेट : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-१०३, सकाळी ७:१०
सर्वांना नमस्कार. येत्या रविवारच्या बंदर-भेटीच्या वेळापत्रकात "सकाळी १० वाजता मुख्य धक्क्यावर सामूहिक छायाचित्र" ही ओळ पुन्हा दिसली आणि मला राहवले नाही. मागच्या भेटीत माझा मुलगा जहाज बांधलेला ताणलेला दोर ओलांडत असताना धक्क्यावरचा कामगार ओरडला आणि पुढे काय घडले, हे येथे बहुतेकांना माहीत आहे. या वेळीही मुलांना त्याच जागी उभे करणार असाल, तर आमची तीन नावे यादीतून वगळावीत.

बी-४०२, ७:१८
प्रवेश परवान्याचे काय झाले? हा प्रश्न मी बुधवारीही विचारला होता.

सचिव, ७:३१
ताई, आपली काळजी रास्त आहे. मात्र समितीचे दोन सदस्य मागच्या रविवारी स्वतःचा वेळ आणि पैसा खर्च करून पाहणी करून आले. सकाळी १० वाजता धक्का बोटींनी गजबजलेला होता, म्हणून ती वेळ धरली. सर्व काही ठरून गेल्यावर दर वेळी आक्षेप यावेत, याचे वाईट वाटते.

बी-५०५, ७:४०
मागच्या वेळी चूक मुलाची नव्हतीच. त्या कामगाराने ज्या स्वरात आपल्यावर आवाज चढवला, तो अपमानास्पद होता, आणि नंतर त्याच्या सहकाऱ्याने मला काढलेली छायाचित्रे पुसायला लावली. आपण तेथे पाहुणे म्हणून गेलो होतो, एवढे भान त्यांनी ठेवायला हवे होते.

सी-७०१, ७:५८
मी आयुष्याची ३१ वर्षे जहाजांवर काढली आहेत, त्यामुळे या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो.

जहाज धक्क्याला बांधलेले असले, तरी ते स्थिर नसते. भरती-ओहोटीबरोबर ते वरखाली होते, शेजारून दुसरे जहाज गेले की पुढेमागे ओढले जाते, आणि तो सगळा ताण दोरांवर येतो. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो आणि ती शक्ती स्वतःत साठवून ठेवतो; तो तुटला, तर त्याचे टोक इतक्या वेगाने उलटे फिरते की समोरच्या माणसाला हलायलाही अवधी मिळत नाही. अशा फटक्याने खलाशांचे पाय गेले आहेत, जीवही गेले आहेत. पूर्वी डेकवर धोक्याचा पट्टा रंगवून दाखवत असत, पण तुटलेला दोर नेमका कोठे झेपावेल हे सांगता येत नसल्याने, दोर ताणलेला असताना तो सगळा परिसरच धोक्याचा मानावा, असे आता शिकवले जाते. दोर ज्या लोखंडी खुंट्यांना बांधतात, त्यांवर मुलांना बसवून छायाचित्रे काढणे तर कृपा करून कायमचे थांबवावे.

तो कामगार ओरडला, कारण "कृपया बाजूला व्हा" म्हणण्याइतका वेळ त्याच्याजवळ नव्हता. त्याच्या जागी मी असतो, तर याहून मोठ्याने ओरडलो असतो.

ए-६०२, ८:०४
म्हणजे आम्ही सहलीला नव्हे, थेट रणांगणावर जाऊन आलो म्हणायचे!

ए-१०३, ८:०६
ज्यांची मुले त्या दोराजवळ नव्हती, त्यांनाच असे विनोद सुचतात.

ए-६०२, ८:०९
मन दुखावले असल्यास क्षमस्व, ताई. तसा हेतू नव्हता.

बी-४०२, ८:११
परवान्याचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.

डी-२०१, ८:२६
"पाहुणे" या शब्दाविषयी मला बोलायचे आहे. पाहुण्याला कोणीतरी बोलावलेले असते. आपल्याला तेथे कोणी बोलावले होते? टोकियोच्या त्सुकिजी बाजारात पहाटेचा ट्यूना माशांचा लिलाव पाहायला इतके पर्यटक येऊ लागले, आणि फ्लॅश मारणे, माशांना हात लावणे असे प्रकार इतके वाढले, की २००८ च्या डिसेंबरात काही आठवडे पर्यटकांना लिलावात पूर्ण बंदी करावी लागली. पुढे रोज १२० जणांची मर्यादा आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो घाऊक बाजार तोयोसूला हलला, तेव्हा तेथे पर्यटकांसाठी काचेमागची गॅलरीच बांधली गेली. लिलावात बोटांच्या खुणांनी बोली लागते. मध्येच एखादा पर्यटक हात वर करून छायाचित्र काढू लागला, तर त्याचा त्रास कोणाला होतो, याचा विचार करावा.

बी-५०५, ८:३५
काकू, मी कोणाच्या माशाला हात लावला नव्हता. छायाचित्रण हा माझा छंद आहे आणि मी दुरूनच काढत होतो. प्रत्येक वेळी माझेच नाव पुढे येते, याचा आता कंटाळा आला आहे.

डी-२०१, ८:४१
नाव मी घेतले नाही. घामाघूम होऊन ओझे उचलणाऱ्या माणसाला न विचारता त्याचे छायाचित्र काढणे मला पटत नाही, मग ते दुरून असो वा जवळून. उद्या आपल्या कार्यालयात येऊन कोणी तसेच केले, तर आपल्याला चालेल का?

ए-६०२, ८:५०
एवढाच धोका असेल, तर पर्यटकांसाठी सजवलेली जुनी गोदी पाहावी, असा माझा गंभीर प्रस्ताव आहे. लंडनची सेंट कॅथरिन गोदी १९६८ मध्ये बंद झाली आणि आज तेथे लोक निर्धास्त फिरतात.

सी-७०१, ९:१२
अवश्य पाहावी, पण ती जुनी गोदी आहे, बंदर नव्हे. २६ एप्रिल १९५६ रोजी न्यूअर्कहून ह्यूस्टनला एक जहाज ५८ कंटेनर घेऊन निघाले, तेथून कंटेनरांचे युग सुरू झाले, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत शहरांच्या मधोमध असलेले धक्के ओस पडत गेले, कारण मोठ्या जहाजांना खोल पाणी हवे आणि कंटेनरांना मैदानाएवढी जागा हवी. म्हणूनच जेथे गाव आणि काम अजून एकमेकांना लागून आहेत, असे बंदर मुलांना दाखवण्याची माझी मनापासून इच्छा आहे. फक्त ते धक्क्यावर गर्दी करून पाहू नये. हॅम्बुर्गमध्ये ६२ क्रमांकाची साधी फेरीबोट स्थानिक लोकांना कामाला नेते-आणते, आणि तिच्यातून ते बंदर जेवढे दिसते, तेवढे किनाऱ्यावरून क्वचितच दिसते. आपणही पलीकडच्या तीरावर जाणारी नेहमीची बोट घ्यावी.

बोटीतून मुलांना निशाणे ओळखू द्यावीत. निळ्या निशाणात पांढरा चौकोन असेल, तर जहाज निघण्याच्या तयारीत आहे. अर्धे पांढरे, अर्धे लाल असेल, तर जहाजावर पायलट, म्हणजे बंदरातली वाट दाखवणारा जाणकार, आहे. संपूर्ण लाल असेल, तर धोकादायक माल आहे. भोंगेही ऐकावेत : एक छोटा म्हणजे "मी उजवीकडे वळतो", दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटे चालू आहे, आणि पाच किंवा अधिक म्हणजे "तुमचा इरादा मला कळत नाही".

आणखी एक. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मागच्या रविवारी १० वाजता भरती होती म्हणून धक्का गजबजलेला होता. सात दिवसांनी त्याच वेळी जवळजवळ ओहोटी असेल आणि या उथळ बंदरातल्या बोटी चिखलावर टेकलेल्या दिसतील.

सचिव, ९:२०
हे पाहणीपूर्वी कोणी सांगितले असते, तर बरे झाले असते.

सी-७०१, ९:२२
पाहणीला मला बोलावले नव्हते.

बी-४०२, ९:२४
परवाना.

सी-७०१, ९:३३
बी-४०२ मधील काकांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता १ जुलै २००४ पासून लागू झाली, आणि तेव्हापासून परदेशी जहाजे जेथे लागतात त्या धक्क्यांना कुंपण, फाटक आणि ओळखपत्र आले. मागच्या वेळी आपण उघड्या दिसलेल्या फाटकातून आत गेलो. छायाचित्रे पुसायला लावली, ती याच कारणाने.

बी-५०५, ९:४५
हे मला ठाऊक नव्हते. या वेळी आधी विचारीन.

सचिव, १०:०५
धक्क्यावरचा छायाचित्राचा कार्यक्रम रद्द करत आहे. भरतीचे वेळापत्रक पाहून सी-७०१ मधील काकांनी वेळ सुचवावी. बस त्याप्रमाणे सुटेल. परवान्याचा अर्ज केलेला नव्हता, तो आज दुपारी देतो. प्रत्येकाने ओळखपत्राची प्रत १ वाजेपर्यंत मला पाठवावी.

ए-१०३, १०:११
आमची तीन नावे राहू द्यावीत. बोट चालणार असेल, तर मुलगाही यायला तयार आहे.

बी-४०२, १०:१४
अर्जाची पोच मिळाल्यावर ती येथे टाकावी.