मदत हवी आहे: बाळाचं डोकं उजवीकडून चपटं झालंय, राईची उशी वापरू का? (इंदूर)

सुखलियाकर: मुलगी पूर्ण दिवसांची, जन्माचं वजन २.९ किलो. आता १३ आठवड्यांची, वजन ५.८ किलो. झोपेत आणि जागेपणीही मान उजवीकडेच. मागून उजवी बाजू चपटी, वरून पाहिलं तर उजवा कान जरा पुढे आलेला. दूध, शी-शू व्यवस्थित. सासूबाईंनी सियागंजातून राई आणून उशी शिवलीय. मालिशवाल्या बाई म्हणतात, रोज दाबून गोल करते. काय करू?

बालफिजिओ: उशी नको. डोकं खळग्यात अडकलं की मान आणखी कमी वळते, हनुवटी छातीकडे झुकून श्वास अडतो आणि शिवण उसवली तर दाणे नाकातोंडात जातात. वर्षभर उशी लागतच नाही. डोकं दाबणंही आजच बंद करा, त्याने आकार बदलत नाही. झोपवायचं मात्र पाठीवरच. चपटेपणाच्या भीतीने पालथं किंवा कुशीवर नाही.

तुमच्या वर्णनावरून खरा प्रश्न मानेचा वाटतो. मान डावीकडे कलते आणि तोंड उजवीकडे वळतं असं असेल, तर डाव्या बाजूचा स्नायू आखडलेला असू शकतो. बाळ उताणं असताना खुळखुळा उजवीकडून डावीकडे सावकाश न्या. हनुवटी डाव्या खांद्यापर्यंत पोहोचत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे याच आठवड्यात जा. ताण द्यायचे व्यायाम त्यांच्याकडून शिकूनच करा, यूट्यूबवर बघून मान ओढू नका.

घरी आजपासून: तुम्ही तिच्या उजवीकडे झोपत असाल तर अंथरुणाची दिशा फिरवा, डोक्याकडे पाय. मग तुमच्याकडे बघायला तिला डावीकडे वळावं लागेल. खिडकी, पंखा, दिवा, सगळं डावीकडे यायला हवं. जागी असताना सतरंजीवर पालथं घाला, काखेखाली टॉवेलची गुंडाळी, हात पुढे. सुरुवातीला ३ ते ५ मिनिटं, दिवसातून अनेकदा, हळूहळू एकूण तासभर. दूध पाजल्यावर अर्धा तास थांबा, नाहीतर सगळं बाहेर. वडिलांच्या छातीवर पालथं ठेवलं तरी चालतं.

टाळू_टेप: १४ आठवड्यांच्या लसीला जाल तेव्हा टेपने डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहून घ्या. आधीचा आकडा असेल तर शेजारी ठेवून बघायला सांगा. कवटीच्या सांध्यावर हाताला कडक कड लागणं, टाळू लवकर मिटणं, घेर न वाढणं, मानेत कडक गाठ, यातलं काही दिसलं तर लसीची वाट न बघता बालरोगतज्ज्ञ गाठा. चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहेच. ४ महिने पूर्ण होऊनही मान धरत नसेल तरी दाखवा. एक्स-रे लगेच नको, हाताने तपासूनच बहुतेक कळतं.

सुखलियाकर: डोक्याला आकार देणाऱ्या हेल्मेटचं ऐकलं होतं. आणि दुपारी झोळीत झोपते ते चालेल?

बालफिजिओ: हेल्मेटचा विचार साधारण ५-६ महिन्यांनंतर, तेही व्यायामाने फरक न पडल्यास आणि चपटेपणा बराच असल्यास. दिवसाचे जवळपास २३ तास घालावं लागतं, उन्हाळ्यात बाळाला घाम येतो. झोळीत डोकं एकाच जागी दबतं आणि मान पुढे झुकते, म्हणून झोप सपाट, घट्ट गादीवरच. केस ओले करून दर महिन्याला बरोबर वरून एक फोटो काढत जा. रोज बघून फरक कळत नाही.