भुताळी जहाज दिसल्यावर तुमच्या चमूने काय ठरवले? (अनुभव धागा)

मी अंबाजोगाईत राहतो आणि गेली सात वर्षे दर रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर भूमिकाखेळ चालवतो. ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की सूत्रधार प्रसंग उभा करतो, खेळाडू आपापल्या पात्राच्या तोंडून पुढे काय करायचे ते बोलतात, आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे बहुधा वीस बाजूंचा फासा टाकून निकाल लावतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला, तेव्हापासून या खेळाच्या अनेक शाखा निघाल्या. पण पहाटेच्या धुक्यातून दिवा नसलेले, माणूस नसलेले जहाज समोर येण्याचा प्रसंग माझ्या ओळखीच्या प्रत्येक सूत्रधाराने एकदा तरी मांडलेला आहे.

आपण मराठवाड्यातले. माझ्या सहा खेळाडूंपैकी चौघांनी समुद्र पाहिलेला नाही. तरीही या प्रसंगात आमची चर्चा जितकी रंगते तितकी ती एखाद्या गुहेच्या तोंडाशी किंवा किल्ल्याच्या दारात कधीच रंगत नाही. म्हणून विनंती अशी की जहाजावर चढल्यानंतर काय झाले ते थोडक्यात लिहिले तरी चालेल, मात्र चढण्यापूर्वी कोणी काय सुचवले, कोणाचे म्हणणे मागे पडले आणि का, हे सविस्तर लिहावे.

सुरुवात माझ्यापासून करतो. आमच्या चमूतल्या योद्ध्याने आपले जहाज सरळ त्या जहाजाला भिडवायचे आणि लोखंडी आकडे टाकून दोन्ही घट्ट बांधायची, असा आग्रह धरला. ते जहाज वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालले आहे, हे मी दोनदा सांगितले होते, पण त्याचा अर्थ काय होतो हे विचारायला कोणी थांबले नाही. सूर्य मावळताच ते जहाज पाण्याखाली जाऊ लागले आणि बांधलेले आमचे जहाजही ओढले गेले. दोर तोडताना दोन पात्रे गेली, आणि त्यातले एक अकरावीतल्या मुलीने दोन वर्षे जपलेले होते. तिचा चेहरा मला अजून आठवतो. पुढे ‘मेरी सेलेस्ट’ची हकिकत वाचली. डिसेंबर १८७२ मध्ये अझोर्स बेटे आणि पोर्तुगाल यांच्या दरम्यान हे जहाज ‘डेइ ग्रात्सिया’च्या खलाशांना भरकटताना दिसले, तेव्हा त्यांनी आपले जहाज त्याला भिडवले नाही, अंतर राखून एक होडी सोडली आणि ऑलिव्हर डेव्हो हा अधिकारी त्या होडीतून पाहणीला गेला. आता आमच्या ओसरीवर कोणीही आकडे काढले की बाकीचे पाचजण एकदम हात वर करतात.

सेलू, जि. परभणी. शेतकरी, चोराचे पात्र खेळतो

आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या बाजूने सुटला. सूत्रधाराने जहाजाच्या तळातला काळोख असा काही वर्णन केला की मला आमची जुनी विहीर आठवली. वर्षानुवर्षे न उपसलेल्या विहिरीत उतरण्यापूर्वी माझे वडील दोरीला कंदील बांधून खाली सोडत असत, आणि कंदील विझला तर त्या दिवशी कोणी उतरत नसे, कारण जिथे ज्योत तग धरत नाही तिथे माणूसही धरणार नाही. मी तसेच करायचे ठरवले. होडी जहाजाला लावायची, मी एकट्याने वर चढायचे, कमरेला दोर, दोराचे दुसरे टोक होडीतल्या माणसाच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक, दोन झटके म्हणजे थांबा, तीन म्हणजे ओढा. विहिरीत उतरणाऱ्या गड्याची आणि काठावरच्या माणसाची भाषा हीच असते. आमच्या पॅलाडिनला, म्हणजे धर्मासाठी लढणाऱ्या योद्ध्याच्या पात्राला, हे भित्रेपणाचे वाटले आणि ‘आपण सगळे मिळून जाऊ’ असे तो म्हणत राहिला. पण सगळेच आत गेले तर दोर कोणाच्या हातात राहील, या माझ्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. कंदील तळात विझला. सूत्रधाराने नंतर सांगितले की खाली भूत नव्हतेच, नुसती कोंडलेली हवा होती आणि तिनेच आधीचे तिघे मेले होते.

नांदेड. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी

सेलूच्या काकांचा अनुभव वाचून राहवले नाही, कारण आमचा चमू नेमका याच कंदिलामुळे गमावला. काकांची पद्धत विहिरीसाठी पूर्वापार चालत आलेली आहे. जहाजाच्या बंद तळातही ती एका अर्थी लागू पडते, कारण लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खाऊन टाकते आणि आत गेलेला माणूस काही कळायच्या आत कोसळतो. परंतु तळात काय भरले आहे ते आधी कळायला हवे. ‘मेरी सेलेस्ट’वर मद्यार्काची १७०१ पिंपे होती आणि पुढे माल उतरवताना त्यातली नऊ रिकामी निघाली. झिरपलेल्या मद्यार्काची वाफ पाहून स्फोटाच्या भीतीने कप्तान ब्रिग्ज यांनी पत्नी, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी यांच्यासह होडीत उतरायचे ठरवले असावे, असा एक तर्क आजही मांडला जातो. त्या दहाजणांचा पुढे कधीच पत्ता लागला नाही.

आमच्या सूत्रधाराने हीच पिंपे आपल्या जहाजावर ठेवली होती, आणि वास गोडसर, डोके जड करणारा आहे, असे सांगितलेही होते. मी तो वास ओळखला. तरीही बोलले नाही, कारण माझे पात्र अशिक्षित रानटी योद्ध्याचे होते आणि त्याला रसायने कशी कळतील, असा प्रश्न माझा मलाच पडला. पात्राशी प्रामाणिक राहावे की चमूला वाचवावे, या द्विधेत मी पाच मिनिटे गप्प बसले आणि तेवढ्यात पेटता कंदील खाली गेला. आज मी त्या पात्राच्या तोंडून एवढे तरी नक्की म्हणाले असते की ‘या वासाने माझे डोके दुखते आहे, मी आग घेऊन खाली जाणार नाही.’ इतके समजायला कोणालाही शाळेत जावे लागत नाही. तेव्हापासून जहाजाजवळ जाताना आमचा पहिला प्रश्न ‘आत कोण आहे’ हा नसतो. ‘यावर काय लादले होते’ हा असतो.

लातूर. शिक्षिका

एप्रिल २०१६ मध्ये आम्ही चौघी मैत्रिणी सागरी मोहीम खेळत होतो. आमच्या गल्लीत टँकरची वाट पाहण्यात दिवस जात असे, आणि त्याच महिन्यात, १२ तारखेला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या रविवारी सूत्रधार ताईंनी भुताळी जहाज समोर आणले. फाटलेली शिडे, आपोआप फिरणारे सुकाणू, डोलकाठीवर बसलेला पांढरा पक्षी, असे सगळे त्यांनी मन लावून तयार केले होते. त्यांचे वर्णन संपले आणि आमच्यातल्या एकीने विचारले, ‘त्या जहाजावर पिण्याच्या पाण्याची पिंपे असतील का?’

पुढचा दीड तास आम्ही फक्त त्यावर बोललो. आमच्या कथेतल्या जहाजावरचे पाणी चार दिवसांचे उरले होते. ताईंनी ते वहीत लिहिले होते, पण त्यावर खेळ फिरेल असे त्यांच्या मनात नव्हते. मेलेल्यांच्या जहाजावरचे पाणी प्यावे का? ते खराब झालेले नसेल कशावरून? ते घेतले तर ती चोरी ठरते का, आणि मालकच उरला नसेल तर चोरी कोणाची? एकीचे म्हणणे होते की तहानलेल्याने पाणी घेतले तर कोणताही मेलेला माणूस रागावणार नाही. दुसरी म्हणाली की पाणी घेतल्याबरोबर आपण त्या जहाजाचे देणेकरी होतो आणि मग त्याने काही मागितले तर नाही म्हणता येणार नाही. शेवटी आम्ही सहा पिंपे घ्यायची आणि त्या बदल्यात जहाजावरच्या मृतांचे अंत्यसंस्कार करायचे, असा सौदा ठरवून, तो होडीतून मोठ्याने बोलून दाखवूनच वर गेलो. वर चढल्यावर लढाई झाली नाही. ताईंनी ठरवलेली लढाई त्यांनी स्वतःच रद्द केली. मी आजवर खेळलेल्या शंभरेक बैठकींत इतकी खरी बैठक दुसरी झाली नाही.

हिंगोली

आम्ही दुरूनच पेटते बाण मारून जहाज जाळले. सगळ्यांचे एकमत होते आणि दहा मिनिटांत प्रसंग संपला. आग लागल्यावर आतून लहान मुलाचा आवाज आला. त्यानंतर आम्ही तीन महिने खेळलो नाही. घाईने निर्णय घेणाऱ्यांनी हे वाचावे म्हणून लिहिले.

छत्रपती संभाजीनगर. वसतिगृहातला चमू

हिंगोलीच्या मित्रांचा अनुभव वाचून वाईट वाटले. आमचा अनुभव थांबण्याचा आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे विझार्डच्या, म्हणजे जादूगाराच्या, पाळीव घुबडाच्या डोळ्यांनी पाहायचे असेल तर घुबड विझार्डपासून शंभर फुटांच्या आत हवे, आणि क्लेरिकला, म्हणजे देवाच्या शक्तीने मंत्र चालवणाऱ्या पुरोहिताला, प्रेते-भुते मंत्राने पळवायची असतील तर ती तीस फुटांच्या आत हवीत. म्हणजे जवळ जायचे की नाही, हा प्रश्न खरे तर किती फुटांवर थांबायचे, असा आहे. आम्ही कागदावर दोन वर्तुळे काढली आणि होडी दोन्हींच्या मधे, साठ फुटांवर, दिवसभर ठेवली. घुबडाने जहाजाला तीन फेऱ्या घातल्या.

त्या फेऱ्यांमध्ये आम्ही एकच गोष्ट शोधत होतो, ती म्हणजे जहाजाची स्वतःची होडी जागेवर आहे का. होडी नसेल तर माणसे आपल्या पायांनी उतरली आहेत, म्हणजे त्यांना पळून जायला वेळ मिळाला होता. होडी असेल तर तो वेळही मिळाला नाही. ‘मेरी सेलेस्ट’वरची होडी नव्हती. जानेवारी १९२१ च्या अखेरीस अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना किनाऱ्याजवळ वाळूत रुतलेल्या ‘कॅरोल ए. डीअरिंग’ या पाच डोलकाठ्यांच्या जहाजावरही होड्या नव्हत्या. ते ३१ जानेवारीला दिसले, पण खवळलेल्या समुद्रामुळे बचाव पथकाला वर चढायला ४ फेब्रुवारी उजाडली. प्रत्यक्षात प्रशिक्षित माणसे चार दिवस थांबू शकतात, तर आम्ही काल्पनिक समुद्रावर एक दिवस का थांबू नये, असे आमच्या क्लेरिकने विचारले आणि वाद मिटला. आमच्या जहाजावर होडी जागच्या जागी होती, तिचे दोर ओले होते. आम्ही चढलो नाही. कोणाला हे निरस वाटेल, पण त्या ओल्या दोरांचे रहस्य पुढचे सात महिने आमच्या मोहिमेला पुरले.

धागाकर्ता, अंबाजोगाई

या प्रतिसादाला एक जोड देतो, कारण भुताळी जहाज दूरच्या समुद्रावरच असते असे नव्या खेळाडूंना वाटते. ‘पवित’ नावाचे तेलवाहू जहाज जून २०११ च्या अखेरीस ओमानजवळ खलाशांनी सोडून दिले. ते बुडाले असे समजले गेले. प्रत्यक्षात ते पावसाळी वाऱ्यांबरोबर महिनाभर वाहत राहिले आणि ३१ जुलैला कोणाला कळायच्या आत मुंबईत जुहूच्या वाळूला लागले. माझ्या पुढच्या मोहिमेत चमू जहाजाकडे जाणार नाही, जहाजच चमूच्या गावाकडे येणार आहे.

पैठण. महाविद्यालयीन विद्यार्थिनी, क्लेरिकचे पात्र

माझ्या आजीचे माहेर नाथसागराच्या पाण्याखाली आहे. धरण १९७६ साली झाले, तेव्हा ते गाव उठले. आजी काठावर गेली की चपला काढून उभी राहते आणि पाण्याच्या दिशेने आपल्या भावकीतली नावे घेते. लहानपणी मी एकदा पळत पाण्यात शिरले तेव्हा तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, ‘गाव गेलं तरी वेस असतीच. वेशीवर थांबून हाक द्यावी, मग पाऊल टाकावं.’

आमच्या खेळात भुताळी जहाज आले तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण भुते पळवण्याची शक्ती माझ्या पात्राकडे होती. मी ती वापरायला नकार दिला. ज्यांना हाकलून लावायचे त्यांच्याशी बोलता येत नाही, आणि आम्हाला तर त्यांच्या कप्तानाकडून एक नकाशा हवा होता. सूत्रधार असलेल्या माझ्या धाकट्या भावाने आठवण करून दिली की या खेळातले भूत पाच फुटांवर आलेल्या माणसाच्या अंगात शिरू शकते. मी म्हणाले की म्हणूनच आपण चाळीस फुटांवर थांबू आणि त्या जागेला जहाजाची वेस मानू.

आम्ही होडी तिथे उभी केली. प्रत्येकाने आपल्या पात्राचे नाव, गाव आणि येण्याचे कारण मोठ्याने सांगितले. मग जहाजाच्या पुढच्या टोकावरची झिजलेली अक्षरे मी एकेक करून वाचली आणि जहाजाला त्याच्या नावाने हाक मारली. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या वहीत यासाठी काही लिहिलेले नव्हते, आणि आजी आतल्या खोलीतून ऐकत होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. शेवटी त्याने वही मिटली आणि म्हणाला, ‘वरून दोराची शिडी खाली येते. सोडणारा कोणी दिसत नाही.’

आम्ही चपला होडीत काढल्या आणि चढलो.