तिसरीतल्या मुलाला अंडर-१० च्या मॅचेस खेळू द्याव्यात का?

तिसरीची_आई

मुलगा आठ वर्षांचा. पुण्यात क्रिकेट अॅकॅडमीत आठवड्यातून तीन दिवस टेनिस बॉलवर खेळतो. सरांचं म्हणणं, दिवाळीनंतर सीझन बॉल (चामड्याचा, कडक), आठवड्याला सहा दिवस, आणि रविवारी अंडर-१० च्या मॅचेस: वीस ओव्हर, अकरा जण, पूर्ण लांबीचं पिच. क्रिकेटला माझी ना नाही. पण बाउंड्रीबाहेर खुर्च्या टाकून बसलेले बाबालोक "आडवा कशाला घातलास!" म्हणून ओरडतात आणि आउट झालेलं पोर पॅडसकट कोपऱ्यात जाऊन रडतं, ते बघवत नाही. घरात सूर असा की आत्ता नाही घातलं तर मागे पडेल. खरंच पडतो का? आणि सरांना नेमकं काय विचारू?

लेगबाय

नाही पडत. बीसीसीआयचा विजय मर्चंट करंडक १६ वर्षांखालच्यांचा. मुंबईच्या शालेय क्रिकेटमधली गाइल्स शील्डसुद्धा १४ वर्षांखालची. अंडर-१० चे चषक बहुतेक अॅकॅडम्यांनी आपापसात भरवलेले असतात.

खरी गडबड मापांत आहे. पूर्ण पिचचे २२ यार्ड आठ वर्षांच्या खांद्याला झेपत नाहीत. मग पोरगं बॉल आभाळात उडवतं, नाहीतर कोपर वाकवून फेकतं, आणि ती फेकायची सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. या वयाला १६ यार्ड पुरे. सरांना विचारा, स्टंप पुढे घेणार का? त्याला खर्च शून्य.

बॉल: मोठ्यांचा १५६ ते १६३ ग्रॅम, १३ वर्षांखालच्यांचा १३३ ते १४४. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

बॅट "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून मोठी घेऊ नये. चार फूट तीन इंचांपर्यंत १ नंबर, तिथून चार फूट सहापर्यंत २ नंबर. बॅट जड झाली की खालचा हात सगळं ओढतो आणि सरळ बॉलही आडव्या बॅटने लेगला जातो. म्हणजे ज्या आडव्यासाठी बाबा ओरडतायत, तो बाबांनीच विकत आणलेला असतो.

आता वीस ओव्हरची मॅच. १२० बॉल. त्यातले बहुतेक पहिले तिघे-चौघे खेळतात, नववा पोरगा फाइन लेगला गवत उपटत बसतो. वाइडला पुन्हा बॉल टाकायचा नियम असेल तर एकेक ओव्हर दहा बॉलची होते. त्याऐवजी जोड्यांचं क्रिकेट खेळवा: आठ-आठ जण, चार जोड्या, प्रत्येक जोडीला चार ओव्हर, म्हणजे एकूण १६. प्रत्येक जण दोन ओव्हर टाकतो. टीमची सुरुवात २०० वर, विकेट गेली की ५ रन वजा, पण बॅटिंग चालूच. वाइडला दोन रन, जादा बॉल नाही. रडायचं निम्मं कारण तिथेच संपतं.

टाच_आणि_कंबर

सहा दिवस फार होतात. साधा हिशेब: आठवड्याला जितकं वय तितके तास, त्याहून जास्त नको. म्हणजे आठ तास, आणि त्यात मॅचही धरायची. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, वर्षात दोन-तीन महिने दुसरंच काही.

१३ वर्षांखालच्या फास्ट बोलरला इंग्लंडच्या बोर्डाने घातलेली मर्यादा एका स्पेलला (एका दमात, सलग) ५ आणि दिवसाला १० ओव्हर होती. चूक होते ती मोजण्यात: मॅचच्या ओव्हर मोजतात, नेटमधले, म्हणजे सरावातले, बॉल कोणी धरत नाही. कंबरेला दोन्ही सारखेच. तुमच्या आठ वर्षांच्याला तर याहून पुष्कळ कमी हवेत.

दोन दुखणी ओळखून ठेवा. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर कळवळला, तर ते वाढीच्या हाडाचं असू शकतं. उड्या आणि धावणं कमी करा, अनवाणी सिमेंटवर नको. मोठा होऊन फास्ट टाकायला लागला आणि मागे वाकताना कंबरेत एका बाजूला दुखलं (उजव्या हाताच्या बोलरला बहुतेकदा डावीकडे), तर बोलिंग त्याच दिवशी बंद आणि ऑर्थोपेडिक डॉक्टर. हाडावर बारीक चीर असली तर सुरुवातीच्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. "पळालास की मोकळं होईल" हे ऐकू नये.

घाटावरचा

स्पर्धेलाच खलनायक करू नका. गल्लीतली पोरं स्कोअर आपला आपण ठेवतात, भांडतात, पाच मिनिटांत परत खेळतात. काढायचा तो गुणतक्ता आणि 'मॅन ऑफ द मॅच'. नॉर्वेत मूल ज्या वर्षी ११ चं होतं त्याआधी निकालांच्या याद्या आणि रँकिंग नाहीत, आणि १३ च्या आधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. जपानच्या ज्युदो महासंघानेही २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा बंद केली.

आणखी एक. बीसीसीआयच्या वयोगटांची रेघ १ सप्टेंबरला. सप्टेंबरचं पोर ऑगस्टच्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठं, तरी गट एकच. या वयात 'टॅलेंट' म्हणतात ते कित्येकदा नुसते अकरा महिने असतात.

तिसरीची_आई

१६ यार्ड आणि जोड्यांचं सरांना विचारते. पण सर "आमच्याकडे असं नसतं" म्हणाले तर?

लेगबाय

तर एक दिवस नेटबाहेर घड्याळ लावून बसा. त्याला बॅटिंगला किती बॉल मिळाले आणि किती मिनिटं रांगेत उभा होता, लिहून काढा. एका नेटला वीस पोरं आणि दीड तास असेल तर वाट्याला साडेचार मिनिटं येतात. तो कागद पुढे ठेवा. तरीही नाही म्हणाले, तर तीन दिवस टेनिस बॉलच चालू ठेवा, रविवारी सोसायटीत खेळू दे.

बाबांना खुर्चीऐवजी स्कोअरबुक द्या. प्रत्येक बॉल लिहायचा म्हटला की ओरडायला सवड राहत नाही. आणि स्कूटरवरून घरी येताना मॅचचा विषय मुलाने काढला तरच.