‘पुनर्जनन’ की ‘पुनरुत्पादन’? आणि ‘रीप्रोग्रामिंग’ला काय म्हणावे?

प्रश्न : झेब्राफिश या माशाच्या दृष्टिपटलाला इजा झाली, तर तेथील पेशींचे ‘रीप्रोग्रामिंग’ होऊन नव्या चेतापेशी तयार होतात, असे वाचनात आले. एका लेखात या क्रियेला ‘पुनरुत्पादन’ म्हटले होते, तर दुसऱ्यात ‘पुनर्जनन’. ‘रीप्रोग्रामिंग’साठी मात्र ‘पुनर्रचना’ हा शब्द योजला होता. यांतले नेमके शब्द कोणते?

उत्तर : ‘पुनरुत्पादन’ येथे चुकीचा आहे, कारण जीवाने आपल्यासारखा दुसरा जीव निर्माण करणे हा त्याचा जीवशास्त्रातला रूढ अर्थ आहे. हा घोटाळा बहुधा प्लॅनेरिया या चपट्या कृमीसारख्या प्राण्यांमुळे झाला असावा. त्याचे तुकडे केले तर एकेका तुकड्यापासून पूर्ण प्राणी वाढतो, म्हणजे तेथे पुनर्जननातूनच पुनरुत्पादन साधते. माशाच्या डोळ्यात नवा जीव जन्मत नाही, गमावलेली ऊती पुन्हा घडते. म्हणून ‘पुनर्जनन’ हाच योग्य शब्द. ‘भरून येणे’ हा आपला नेहमीचा शब्दप्रयोगही येथे अपुरा पडतो, कारण जखम व्रण ठेवूनही भरून येते. सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलात साधारणपणे तसेच घडते : नष्ट झालेल्या चेतापेशी परत येत नाहीत आणि आधार देणाऱ्या पेशी फुगून व्रणासारखी ऊती तयार करतात.

‘पुनर्रचना’वर माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. या साऱ्या घडामोडीच्या केंद्रस्थानी म्यूलर पेशी असतात. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइनरिश म्यूलर यांनी १८५१ मध्ये त्यांचे वर्णन केले. दृष्टिपटलाच्या जवळजवळ संपूर्ण जाडीतून त्या आरपार गेलेल्या असतात आणि चेतापेशींना आधार देणे, त्यांचे पोषण सांभाळणे हे त्यांचे नेहमीचे काम असते. माशात इजा झाल्यावर या पेशींमध्ये एएससीएल१ए आणि लिन२८ यांसारखी जनुके कार्यरत होतात. लिन२८मुळे इतर जनुकांना आवर घालणाऱ्या लेट-७ या सूक्ष्म आरएनएचा अंकुश सैल होतो आणि पेशी मूलपेशीसारख्या अवस्थेकडे वळते. या सगळ्यात डीएनएमधील अक्षरांचा क्रम बदलत नाही, त्यातला कोणता भाग वाचला जातो एवढेच बदलते. ‘पुनर्रचना’ म्हटले की घडणच मोडून नव्याने बांधली असा समज होतो, आणि जनुकीय फेरफारांची चर्चा सुरू असताना तो समज विशेष घातक आहे.

मला ‘भूमिकापालट’ हा शब्द सुचवावासा वाटतो. ‘खांदेपालट’ या शब्दात माणसे तीच राहून जबाबदाऱ्या बदलतात, हा अर्थ आपल्या कानांना ओळखीचा आहे. ‘पेशीपालट’ मात्र नको, कारण ‘हवापालट’प्रमाणे जुन्या पेशी जाऊन दुसऱ्या आल्या असे त्यातून ध्वनित होईल.

शंका : ‘भूमिकापालट’ वाचून म्यूलर पेशी स्वतःच चेतापेशी बनते, असे वाटणार नाही का? आणि ‘फुटवा’ हा सोपा शब्द का नको?

उत्तर : पहिली शंका रास्त आहे. माशात म्यूलर पेशी आधी विभागते. एक कन्यापेशी म्यूलर पेशीच राहते, तर दुसरी पुढे अनेकदा विभागते आणि तिच्या वंशातून प्रकाशग्राही पेशींसह विविध चेतापेशी निर्माण होतात. तेव्हा पालट आहे तो आधार देणारी पेशी तात्पुरती जनक होण्याचा, आणि लेखकाने पहिल्याच उल्लेखात तो एका वाक्यात सांगावा. ‘फुटवा’ मला मनापासून आवडतो, पण तो झाडाच्या सुप्त डोळ्यातून, म्हणजे वाढीसाठीच राखून ठेवलेल्या कोंबातून येतो. म्यूलर पेशी मात्र रोजच्या कामात गुंतलेली असते आणि तिचे हेच वैशिष्ट्य ‘फुटवा’ म्हटल्याने झाकले जाते.

पेशीच थेट दुसऱ्या प्रकारची होते, तेथे ‘रूपांतर’ म्हणावे. प्रौढ उंदरांमध्ये एएससीएल१ (माशातील एएससीएल१एचे सस्तन प्राण्यांतले रूप) कृत्रिमरीत्या कार्यरत करून, गुणसूत्रांचा घट्ट गुंडाळलेला भाग सैल ठेवणाऱ्या औषधाची जोड दिल्यावर म्यूलर पेशींपासून चेतापेशींसारख्या पेशी मिळाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या बहुतांशी विभाजनाविना घडल्या होत्या. त्यामुळे उंदरांच्या त्या प्रयोगासाठी ‘रूपांतर’ आणि माशासाठी ‘भूमिकापालटातून पुनर्जनन’ असा भेद मी लेखनात पाळतो.